साबणाचा एक हात

धोतर सुटलं तेव्हा हॉलमध्ये साठ-सत्तर बायका होत्या.

रथसप्तमीचं हळदीकुंकू होतं. आमच्या कलाशाळेचे कार्यवाह रावसाहेब इनामके यांच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे अर्धं गाव, म्हणून त्या वर्षी ते शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. आता हॉलच्या मधोमध चौथऱ्यावर डेव्हिडचा पुतळा उभा. माणसाएवढा, प्लास्टरचा, पांढराशुभ्र आणि अंगावर सूतभर वस्त्र नाही. हलवावा तर घोटे तडकण्याची भीती. शेवटी शाळेतले जुने शिक्षक माणगावकर मास्तर यांनी घरून स्वतःचं धुवट धोतर आणलं आणि आम्ही दोघांनी ते पुतळ्याला गुंडाळलं. काष्टा काही जमेना. मास्तर म्हणाले, "राहील तेवढ्यापुरतं. तासाभराचा तर प्रश्न आहे."

तास काही निभला नाही. कुणाला तरी उकडलं, कुणीतरी पंखा लावला.

बायका आधी एकदम गप्प झाल्या. मग एका कोपऱ्यातून खुदकन आवाज आला आणि पाठोपाठ सगळा हॉल हसायला लागला. ते हसणं वाईट नव्हतं, हे मी दारात उभा होतो म्हणून शपथेवर सांगू शकतो. एक म्हातारी तर म्हणाली, "अगं, पोरगंच हाय की. असली धा वाढवली म्या." पण इनामकेवहिनी तोंडाला पदर लावून बाहेर पडल्या आणि वाणाची ताटं तशीच राहिली.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. साल अडुसष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो, त्याच शाळेत शिकून तिथेच हंगामी शिक्षक म्हणून लागलो होतो आणि कायम होण्याची वाट बघत होतो. माझं नाव निवृत्ती कुंभार. घरात चार पिढ्यांचे गणपती. साच्यातच जन्मलो म्हणा ना.

पुतळा मास्तरांनी स्वतः केला होता. मायकेलँजेलोचा मूळ डेव्हिड सतरा फुटांचा, तिकडे फ्लोरेन्सला. मास्तरांनी तो आयुष्यात पाहिला नाही. त्यांना कोण पाठवणार? मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक जाडजूड इटालियन पुस्तक दिलं होतं. त्यात त्या पुतळ्याचे अकरा फोटो होते. त्या अकरा फोटोंवरून मास्तरांनी आठ महिने मातीत काम केलं आणि मग तो प्लास्टरमध्ये ओतला. पाठीचा फोटो एकच होता आणि तोही अंधुक. "पाठ तेवढी माझी, बाकी सगळा त्याचा," असं ते म्हणायचे. मी शाळेत आलो तेव्हा पुतळा जागेवर होता. पहिले सहा महिने मास्तरांनी मला त्याचा नुसता उजवा हात काढायला लावला. कंटाळून मी एकदा म्हणालो, मास्तर, आता दुसरं काहीतरी द्या. ते म्हणाले, "बरं, मग डावा काढ."

हळदीकुंकवानंतरच्या सोमवारी रावसाहेबांनी शाळेच्या मंडळाची बैठक बोलावली. मला लिहून घ्यायला बसवलं होतं.

"मास्तर," रावसाहेब म्हणाले, "जूनपास्नं पोरी घ्यायच्या म्हणून तुम्हीच मागं लागलाय. आता ह्या नागव्या गड्यासमोर पोरी बसवायच्या का?"

"त्या चित्रकला शिकायला येणार. चित्रकलेत माणसाचं शरीर येतं."

"येतं, मान्य. पण सगळंच यायला पाहिजे असं काय हाय?"

कुणीतरी म्हणालं, पुतळा गोदामात टाकू. दुसऱ्यानं विचारलं, तेवढाच भाग छाटता येईल का. मास्तरांच्या हातातली पेन्सिल तेव्हा थांबली. ती त्यांनी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "लंडनच्या संग्रहालयात ह्याचीच प्रतिकृती आहे. तिला राणी यायच्या वेळी प्लास्टरचं पान अडकवायचे. दोन आकड्यांवर. राणी गेली की काढून ठेवायचे."

"आकडे नकोत," रावसाहेब म्हणाले. "कार्टी पहिल्या दिवशी पान काढून पळतील. पान बसवायचं तर पक्कं बसवा."

मग कोणतं पान यावर अर्धा तास गेला. वडाचं की पिंपळाचं? पिंपळाचं नको, उगाच धर्माचं होईल. केळीचं सुचवणारे गृहस्थ पुढे नगराध्यक्ष झाले. मास्तरांनी शेवटी सांगितलं, अंजिराचं, तशी तिकडची रीतच आहे. आणि एक अट घातली.

"पान निवृत्ती बसवील. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागता कामा नये."

त्या संध्याकाळी मास्तर मला नदीकडे फिरायला घेऊन गेले. वाटेत ते रोमची गोष्ट सांगायला लागले. ती आम्ही वर्गात दहा वेळा तरी ऐकली होती. मायकेलँजेलोनं पोपच्या प्रार्थनामंदिरात न्यायाच्या दिवसाचं मोठं चित्र रंगवलं, भिंतभर उघडी माणसं. तिकडे तेव्हा धर्मावरून रान पेटलेलं. जर्मनीत एक साधू पोपविरुद्ध उभा राहून गेलेला, निम्मा मुलूख फुटलेला, आणि पोपच्या माणसांना आपलं घर किती सोवळं आहे ते जगाला दाखवायचं होतं. चित्रकार मरेपर्यंत ती माणसं थांबली. मेल्यावर वर्षभरात त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या दानिएलेला बोलावलं आणि त्या माणसांना वस्त्रं रंगवायला लावलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं चड्डीवाला. ह्या जागी वर्गातली मुलं हमखास हसायची.

"त्यानं बहुतेक काम वरच्यावर केलं, कोरड्या रंगात," मास्तर म्हणाले. "म्हणजे खालचं जिवंत राहिलं. एकदोन आकृत्या मात्र भिंत खरवडून नव्यानं केल्या. त्या गेल्या त्या गेल्याच."

घाटाच्या पायरीशी ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

"तुला हे मी कशाला सांगतोय कळलं ना? आधी साबणाचा हात द्यायचा. चांगला दोनदा. मग त्यावर प्लास्टरचं पान उभं करायचं. कडेला चार ठिकाणी चिमूट चिमूट प्लास्टर. तेवढ्यावर ते शंभर वर्षं राहील. आणि ज्या दिवशी लोक शहाणे होतील त्या दिवशी चार टिपके उडवायचे, की पान अलगद हातात."

"लोक कधी शहाणे होणार, मास्तर?"

"होतील रे. साबणाला काय घाई आहे?"

साबणाचं मला सांगायची गरज नव्हती. प्लास्टरवर प्लास्टर ओतायचं आणि ते चिकटू द्यायचं नसेल तर मधे साबणाचं पाणी लागतं, हे आमच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. साबण द्यायचा राहिला की साचा आणि गणपती एकजीव होतात, मग दोन्ही फोडावे लागतात.

रविवारी शाळेला सुट्टी होती. मास्तर येणार नव्हते. "मला बघवणार नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं आणि ते सकाळच्या एस्टीनं लेकीकडे गेले. गावातल्या एका डॉक्टरांच्या बागेतून मी अंजिराची तीन पानं आणली होती, त्यातलं एक निवडून समोर ठेवलं. प्लास्टर चाळलं. वाटीत साबण विरघळवून ब्रश बुडवला, तेवढ्यात रावसाहेब आले. एकटेच होते. खुर्ची ओढून माझ्यापासून चार हातांवर बसले.

"चालू द्या तुमचं. मी आपला बसतो."

मी ब्रश उचलला.

"हे काय लावताय?"

"साबण."

"कशाला? अंघोळ घालताय का त्याला?"

खोटं बोलायला तेव्हा एक क्षण पुरला असता. प्लास्टरला ओल लागते, धूळ निघते, काहीही सांगितलं असतं तरी त्यांना पटलं असतं. पण मला सुचलं नाही. हुशारी दाखवायची सवय, दुसरं काय. मी म्हणालो, "पुढं कधी काढायचं झालं तर निघावं म्हणून."

रावसाहेब हसले. माणूस वाईट नव्हता, एवढं आजही म्हणतो. त्यांनी गावात तीन शाळा उभ्या केल्या होत्या आणि प्रत्येकीच्या बांधकामावर ते स्वतः उभे राहत.

"म्हणजे मास्तरांनी मला गंडवायचं ठरवलंय. पुढं कुणी काढायचं? का काढायचं? पक्कं म्हटलं म्हणजे पक्कं. साबण पुसा. आणि कुंभारसर, जुन्या भिंतीवर गिलावा धरावा म्हणून गवंडी काय करतो?"

"टाचे मारतो. खाचा पाडून भिंत खरबरीत करतो."

"मग मारा की."

मी तसाच उभा राहिलो. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. "तुमचा कायम करायचा कागद गुरुवारच्या बैठकीत हाय," ते म्हणाले. आवाजात धमकी नव्हती. एस्टीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

घरी आई-वडील, पाठच्या दोन बहिणी. मी हे कारण म्हणून सांगत नाही. कारण एवढंच होतं की मी घाबरलो. दुसरं कारण मी वर्षानुवर्षं शोधलं, सापडलं नाही.

ओल्या फडक्यानं साबण पुसला. पटाशी घेतली आणि टाचे मारले. प्लास्टर ठिसूळ, प्रत्येक घावाला कपची उडायची आणि पांढरी भुकटी त्याच्या मांडीवरून खाली ओघळायची. पंधरा-वीस घाव घातले असतील. रावसाहेब म्हणाले, "आणखी थोडे." आणखी घातले. मग पाणी मारलं आणि पान उभं केलं. पान सुंदर झालं होतं, शिरा न् शिरा. तेच तर. वाईट काम मला जमतच नव्हतं. कडेला चार टिपकेही दिले, मास्तरांनी सांगितले होते तसे.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत आले ते थेट हॉलमध्ये. पुतळ्याभोवती एक फेरी मारली, पानाजवळ वाकून टिपके मोजले.

"साबण दिलास ना?"

"हो मास्तर. दोनदा."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "बघ, दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर हा डेव्हिड मेला असता बिचारा."

गुरुवारी मी कायम झालो.

जूनमध्ये चार मुली आल्या. त्यांनी पानासकट पुतळा काढला, पुढच्या वर्षी आठ जणींनी काढला. तीन वर्षांनी मास्तर निवृत्त झाले. गावातच राहायचे, दर दिवाळीला मी पाया पडायला जायचो, आणि दर दिवाळीला ते विचारायचे, "आपलं पान काय म्हणतंय?" मी म्हणायचो, बरं आहे. त्यांच्या लेखी तो आम्हा दोघांमधला गमतीचा विषय होता. एका मे महिन्याच्या सुट्टीत शाळा रिकामी असताना मी पानाची कड एका ठिकाणी खरवडून पाहिली. आत सांधाच नव्हता. पान कुठे संपतं आणि अंग कुठे सुरू होतं ते मलाही कळेना. मी चुन्यानं ती जागा भरून टाकली.

रावसाहेब वारले. मंडळ बदललं. नव्वद साली शाळेच्या प्राचार्य म्हणून मंदाकिनी साळवी आल्या, त्या पहिल्या चार मुलींपैकी एक. आल्या आठवड्यातच मला म्हणाल्या, "सर, ते पान आमच्या नावावर लावलं होतं. आम्हाला कुणी विचारलं होतं का? ते काढायचं. आणि काढायचं ते माणगावकर मास्तरांच्या हातून."

त्या स्वतःच मास्तरांकडे जाऊन आल्या. दिवस ठरला, जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं गेली.

आदल्या दिवशी दुपारी मी मास्तरांच्या घरी गेलो, सगळं सांगायचं ठरवून. सत्त्याहत्तर वर्षांचे मास्तर ओसरीवर बसून दगडावर पटाशीला धार लावत होते. हात कापत होता, पण पटाशी दगडावर टेकली की कंप थांबायचा.

"ये. बघ बरं, हिची धार पुरेल का?"

"मास्तर, राहू द्या ना आता. इतकी वर्षं झाली. उगाच काही तुटलं-बिटलं तर..."

"तुटतंय कशानं?" ते हसले. "साबण काय उगाच लावला आपण?"

ते 'आपण' म्हणाले. मी चहा घेतला आणि परत आलो.

हॉल गच्च भरला होता. मास्तर इस्त्रीचं धोतर नेसून आले होते. त्यांनी ते दोन्ही हातांनी जरा वर उचलून दाखवलं आणि म्हणाले, "हे घट्ट नेसलोय. पंखा लावला तरी हरकत नाही." जुनी माणसं हसली. मंदाकिनीबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं. मी शेजारी पटाशीवर ठोकायची लाकडी मोगरी घेऊन उभा होतो. जागा माझीच होती ती.

पहिला टिपका उडाला, मग दुसरा, तिसरा, चौथा. मास्तरांनी पटाशी खाली ठेवली आणि दोन्ही हात पानाखाली धरले, झाडावरचं फळ उतरवून घेतात तसे. पान आलं नाही.

त्यांनी पटाशी उलटी धरून दांड्यानं पानावर हलकेच ठोकलं. खाली साबण असला की आवाज पोकळ येतो. हा ठस्स आला. आणखी एकदा ठोकलं, कान जवळ नेऊन. मग अंगठा कडेवरून फिरवत नेला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. मी चुना भरला होता त्या जागी अंगठा थांबला.

तिथून हात न उचलता त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. मला राग चालला असता. परीक्षेत पहिला येणाऱ्या मुलाची कोरी उत्तरपत्रिका हातात आल्यावर शिक्षक बघेल तसे ते बघत होते.

"काय झालं मास्तर?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

मास्तरांनी पाणी मागितलं. दोन घोट घेतले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साबण द्यायचा राहिलाय. आता हे निघायचं नाही. ओढलं तर त्याच्यासकट येईल."

"पण पान तर कुंभारसरांनी..."

"पान त्यानं केलं. साबणाचं काम माझ्याकडे होतं. मी विसरलो. वय झालंय, बाई."

"तेव्हा कुठे वय झालं होतं तुमचं?"

"मग तेव्हाच झालं असेल," मास्तर म्हणाले. लोक पुन्हा हसले, थोडे अवघडून. कुणीतरी टाळी वाजवली आणि ती एकटीच विरली. मला बोलायचं होतं. हॉलमध्ये माझे तीस-चाळीस विद्यार्थी होते, त्यांतले निम्मे कुठे ना कुठे शिक्षक झालेले, मला सर म्हणणारे. मी मोगरी ह्या हातातून त्या हातात घेतली, एवढंच केलं.

मास्तरांना मी धरून बाहेर आणलं. रिक्षा उभी होती. त्यांना आत बसवताना मी म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी रावसाहेब..."

"कुंभाराच्या घरात साबण विसरत नाहीत, निवृत्ती." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "तेवढं मला कळलं. बाकीचं सांगू नकोस. सांगितलंस तर मला ते समजून घ्यावं लागेल, आणि आज ते होणार नाही."

रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. मास्तरांनी त्याला हातानंच थांबायला सांगितलं.

"ती रोमची गोष्ट मी वर्गात सांगायचो ना, त्या दानिएलेची. मुलं हसायची. मीही हसू द्यायचो." ते शाळेच्या दाराकडे बघत होते. "चुकलंच ते. त्याला पुढं कधी त्या भिंतीसमोर उभं राहावं लागलं असेल, तर काय वाटलं असेल, हे मी कधी तुम्हाला विचारलंच नाही."

मग रिक्षावाल्याला म्हणाले, "चला."

त्या दिवाळीला मी पाया पडायला गेलो. त्यांनी आशीर्वाद दिला, चिवडा दिला, पानाचं विचारलं नाही. संक्रांतीच्या आधी ते गेले.

त्यानंतर मी बारा वर्षं त्या हॉलमध्ये शिकवलं. दर जूनला नवी मुलं यायची, पुतळ्याभोवती बाकं मांडून बसायची, आणि त्यांतलं एखादं पहिल्याच दिवशी विचारायचं, "सर, हे पान मूळ पुतळ्याला पण आहे का?"

"नाही," मी सांगायचो. "ते मी बसवलंय."

एवढं सांगायला मी शिकलो. त्याच्यापुढचं, ज्याला सांगायचं होतं त्याला, सांगायचं राहिलं.